फ्लोरेन्स नाइटिंगेल : रुग्णाच्या खाटेपासून कायद्यापर्यंत

१२ मे हा जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ठिकठिकाणच्या रुग्णालयांत हातात दिवा घेतलेल्या एका बाईंच्या तसबिरीला हार घातला जातो. त्या बाई म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल. तसबिरीतला तो दिवा क्रिमियन युद्धातला आहे आणि त्या युद्धात त्या जेमतेम २१ महिने होत्या. त्यानंतरची जवळपास चार दशके त्यांनी आकडेवारी जमवण्यात, मंत्र्यांना पत्रे लिहिण्यात आणि कायदे करवून घेण्यात घालवली. आजच्या परिचारिकांना त्यांच्या आयुष्याचा हाच भाग अधिक उपयोगी पडणारा आहे.

१८२० साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावाच्या नावावरूनच मुलीचे नाव ठेवले गेले. वडिलांनी त्यांना घरीच गणित आणि भाषा शिकवल्या. रुग्णसेवा हे त्या काळी घरंदाज मुलीचे काम मानले जात नसे, त्यामुळे घरातून कडाडून विरोध झाला. तरीही १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कैसरवेर्थ येथे प्रशिक्षण घेतले. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ परिचारिकांसह त्या आजच्या इस्तंबूलचा भाग असलेल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या.

तिथे जखमांपेक्षा जुलाब, हगवण, कॉलरा आणि तापानेच अधिक सैनिक दगावत होते. रुग्णालयाच्या इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. त्यांनी स्वयंपाकघर, धुलाई, अंथरुणे यांची व्यवस्था लावली. पण मृत्यू थांबेनात. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ मरत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, पाणी आणि हवा शुद्ध ठेवण्याची सोय केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी हे आकडे तपासले. सैनिक उपासमारीने आणि उशिरा पोहोचल्याने मरतात, असे त्यांना आधी वाटत होते. रुग्णालयाची अस्वच्छताच त्यांचा जीव घेत होती, हे आकड्यांनी दाखवले. स्वतःचीच समजूत चुकीची ठरवणारा हा निष्कर्ष त्यांनी झाकून ठेवला नाही. मंत्र्यांना एका नजरेत कळावा म्हणून त्यांनी तो रंगीत वर्तुळाकार आकृत्यांतून मांडला. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

पुढची कामे त्यांनी बहुतेक अंथरुणावरूनच केली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. गरिबांसाठीच्या आश्रयगृहांत आजाऱ्यांचे हाल पाहून त्यांनी कायद्याचा आग्रह धरला. आजारी माणसाला इतरांपासून वेगळी जागा आणि शिकलेली परिचारिका मिळावी, खर्च साऱ्या शहराने मिळून उचलावा, ही त्यांची मागणी होती. १८६७ च्या लंडन शहरासाठीच्या कायद्यात यातले सगळे आले नाही. तरी पाया पडला.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या छावण्यांची माहिती त्यांनी प्रश्नावल्या पाठवून मागवली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालामागे त्यांचीच मेहनत होती. हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू होत असत. दहा वर्षांत ते १८ वर आले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि १८८९ मध्ये झालेल्या मुंबई इलाख्याच्या ग्रामस्वच्छता कायद्यात त्यांनी बारकाईने रस घेतला होता.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग जंतूंमुळे होतो, ही गोष्ट त्यांनी उशिराने मानली. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांचा विरोध होता. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या आणि १९१० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इतकी वर्षे त्यांना अंथरुणाला खिळवणारा आजार कोणता होता? १८५५ मध्ये त्यांना ‘क्रिमियन ताप’ आला होता. तो बहुधा ब्रुसेलोसिस असावा, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडच्या पशुपालकांना हा रोग जनावरांतला सांसर्गिक गर्भपात म्हणून माहीत आहे. कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना छळणारा हाच ताप शेळीच्या दुधातून येतो, हे १९०५ मध्ये कळले. पुढच्या वर्षी सैन्यात ते दूध बंद करण्याचा हुकूम निघाला आणि रुग्ण झपाट्याने घटले. रुग्णालयातला ताप गोठ्यातल्या बंदोबस्ताने आटोक्यात आला.

गोठा आणि रुग्णालय यांचे हे नाते आज प्रतिजैविकांच्या बाबतीत पुन्हा समोर आले आहे. कोंबड्या, डुकरे, गुरे लवकर वाढावीत किंवा दाटीत आजारी पडू नयेत म्हणून अनेक देशांत त्यांच्या खाद्यात थोडी थोडी प्रतिजैविके मिसळली जात. अशा कमी मात्रेत दुबळे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे तगतात आणि वाढतात. मांस, शेणखत, सांडपाणी आणि हात यांतून ते माणसापर्यंत येतात. मग साधा मूत्रमार्गाचा संसर्गही नेहमीच्या औषधाने बरा होत नाही. खाटेशेजारी दिवसरात्र असणाऱ्या परिचारिकेला हे फार लवकर दिसते.

म्हणूनच अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने पशुखाद्यातील प्रतिजैविकांवर कायद्याने मर्यादा घालण्याच्या मागणीला पाठिंबा दिला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या लोकप्रतिनिधी लुईस स्लॉटर यांनी असे विधेयक वारंवार मांडले; ते मंजूर झाले नाही. मात्र माणसांसाठी महत्त्वाची प्रतिजैविके केवळ जनावरांच्या वाढीसाठी वापरणे तिथे २०१७ पासून नियमाने बंद झाले. युरोपीय संघाने वाढीसाठीचा वापर २००६ मध्येच थांबवला होता. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरण्यावर बंदी घातली.

आजारी जनावराला औषध द्यायलाच हवे; ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि पूर्ण मात्रेत द्यावे. निरोगी कळपाला रोज औषध चारण्याची सवय मात्र मोडायला हवी. आपल्या वॉर्डात कोणते औषध लागू पडले नाही, याची नोंद नीट ठेवणारी परिचारिका नाइटिंगेल यांचेच काम पुढे नेत असते. पुढच्या १२ मे रोजी तसबिरीला हार घालताना त्या नोंदवहीचीही आठवण ठेवायला हवी.