दोन कोड आणि एक केटरिंग

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या जुन्या पिकअप ट्रकने नुसतं ‘टक्’ केलं आणि तो गप्प बसला. ओहायोची थंडी, साडेआठची मीटिंग आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. कोड वाचायचं छोटं यंत्र जोडलं तर दोन कोड आले. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी; पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, तरी एरर मेसेज खरा मानून बॅटरीच बदलली. फरक शून्य! शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची वायर गंजली होती. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा प्रसाद.

गंमत म्हणजे हे दोन्ही कोड माग काढत गेलं की एकाच माणसाच्या दारात पोचतात, आणि तो इथलाच, ओहायोचा. चार्ल्स केटरिंग.

जन्म १८७६, शेतकऱ्याच्या घरातला. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. त्या काळात त्यांनी टेलिफोन कंपनीच्या खांबांसाठी खड्डे खणले. नंतर परत येऊन १९०४ साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. नोकरी लागली डेटनच्या कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानदाराच्या गल्ल्याचं हँडल फिरवायला त्यांनी छोटी मोटर बसवली, आणि माझ्या मते त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या गल्ल्यातूनच निघालं.

तेव्हा गाडी सुरू करायची तर समोर उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या ट्रकचे क्लीनर मारायचे, तसंच. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांचा एक परिचित अशा झटक्याने जखमी होऊन पुढे दगावला आणि म्हणून त्यांनी केटरिंगना गाठलं, अशी हकिकत सांगतात. जाणकारांचा हिशेब असा, की इंजिन फिरवू शकेल अशी मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगना गल्ला आठवला. मोटरला दिवसभर थोडंच राबायचंय? दोन-चार सेकंद तिच्यावर कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. शिवाय इंजिन सुरू झालं की त्याच यंत्राने उलट वीज बनवून बॅटरी भरायची. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हे सगळं बसून आलं. स्टार्टर, बॅटरी, चार्जिंग, दिवे: माझ्या ट्रकचा पहिला कोड ज्या व्यवस्थेचा, ती ही.

दुसऱ्या कोडची कथा मात्र इतकी गोड नाही. केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. इंजिन नॉक होतं, तो आवाज घालवायचा होता. त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिज्ली यांना १९२१ मध्ये उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग. अल्कोहोलनेही नॉक थांबतं हे याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. पण शिसं चिमूटभर पुरायचं आणि त्याचं पेटंटही घेता यायचं. शिसं विषारी, हे तर जगाला केव्हाचंच माहीत. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत त्या संयुगावर काम करणारे पाच कामगार मेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे अध्यक्ष केटरिंगच होते. विक्री काही काळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

इथे मला त्यांचा राग येतो, आणि थोडी भीतीही वाटते. ज्या माणसाने मोटरचा प्रश्न मुळापासून तपासला, त्याने इथे फक्त आवाज बंद केला. डेडलाइनच्या आदल्या रात्री मीही असे पॅच मारलेत, फक्त त्यांनी कुणी मेलं नाही.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्करोग संशोधन संस्थेला स्लोन यांच्या जोडीने त्यांचंही नाव लागलं. १९५८ मध्ये ते डेटनला वारले. शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून १९७५ पासून अमेरिकेत कन्व्हर्टरच्या गाड्या आल्या तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं. भारतात ते देशभर २००० साली आलं. म्हणजे माझं प्राथमिक शाळेपर्यंतचं बालपण त्या धुरातच गेलं.

वायर बदलल्यावर ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला. पी०४२० अजून आहे. कन्व्हर्टर महाग, आणि एकदा बॅटरीत फसून झालंय, म्हणून येत्या शनिवारी आधी सायलेन्सरच्या जोडात गळती आहे का, ते बघणार आहे.