सर्गेई विट्टे आणि मांचुरियाची रेल्वे

आपल्या मंडळात रेल्वेची मंडळी बरीच आहेत, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी रेल्वेतूनच वर आलेल्या एका माणसाचे चरित्र निवडले. रशियाचे मुत्सद्दी सर्गेई विट्टे हे १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाचा तह करणारे म्हणून जगाला माहीत आहेत. त्या युद्धाचे एक मूळ त्यांनीच पुढाकार घेऊन बांधलेल्या रेल्वेमार्गात होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

विट्टे यांचा जन्म १८४९ साली कॉकेशसमधील तिफ्लिस, म्हणजे आजच्या तिबिलिसी येथे झाला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की या त्यांच्या मावसबहीण. ओडेसाला गणिताची पदवी घेऊन ते रेल्वेत लागले. मोठ्या घराण्यातले असूनही तिकीट खिडकीपासून मालाच्या वाहतुकीपर्यंत सगळी कामे ते हाताने शिकले. १८७५ साली त्यांच्या रेल्वेवर तिलीगुल येथे भीषण अपघात झाला. दुरुस्तीसाठी रूळ काढलेला असताना सैन्यात भरती झालेल्या तरुणांची गाडी भरावावरून खाली कोसळली. जबाबदार अधिकारी म्हणून विट्टे यांना चार महिन्यांची कैद सुनावली गेली. पुढे १८७७-७८ च्या तुर्कस्तानबरोबरच्या युद्धात त्यांनी फौजांच्या गाड्या इतक्या चोख चालवल्या की शिक्षा दोन आठवड्यांवर आली.

झारच्या खास गाडीला मालगाडीची जड इंजिने जोडून ती भरधाव नेली जाई. याचा धोका विट्टे यांनी आधीच सांगितला होता. १८८८ मध्ये बोर्की येथे ती गाडी खरोखरच घसरली. २१ माणसे दगावली, झार तिसरे अलेक्झांडर बचावले. पुढच्याच वर्षी त्यांनी विट्टे यांना राजधानीत बोलावून घेतले. १८९२ साली ते आधी दळणवळणमंत्री आणि काही महिन्यांतच अर्थमंत्री झाले.

सैबेरियन रेल्वेचे काम १८९१ मध्ये सुरू झाले होते. त्याला पैसा आणि वेग दिला तो विट्टे यांनी. प्रश्न होता पूर्वेकडच्या टप्प्याचा. रशियाच्या हद्दीतून, आमूर नदीच्या बाजूने जायचे तर मोठा वळसा पडत होता. चीनच्या मांचुरियातून सरळ व्लादिवोस्तोक गाठले तर शेकडो किलोमीटर वाचत होते.

संधीही चालून आली. १८९५ मध्ये जपानने चीनला हरवून ल्याओतुंग द्वीपकल्प घेतले. रशिया, फ्रान्स आणि जर्मनी यांनी दडपण आणून ते चीनला परत करायला लावले. जपानच्या मनात हा अपमान खोल रुतला. या उपकाराच्या जोरावर विट्टे यांनी १८९६ साली चीनचे ली हुंगचांग यांच्याशी बोलणी करून मांचुरियातून रेल्वे नेण्याचा हक्क मिळवला. जमीन चीनची, पण पाच फुटी गेज रशियाचे आणि पहारेकरीही रशियाचे.

विट्टे यांना व्यापार हवा होता, लढाई नको होती. पण १८९८ मध्ये रशियाने तेच द्वीपकल्प पोर्ट आर्थर बंदरासह स्वतःच पट्ट्याने घेतले. विट्टे यांनी विरोध केला. तो फेटाळला गेल्यावर हार्बिनहून पोर्ट आर्थरकडे जाणारी शाखा मात्र त्यांच्याच खात्याच्या पैशाने उभी राहिली. १९०० च्या बॉक्सर उठावात रेल्वेच्या रक्षणासाठी म्हणून फौजा मांचुरियात शिरल्या आणि तिथेच राहिल्या. कोरियावर डोळा असलेल्या जपानने १९०२ मध्ये इंग्लंडशी करार केला. इकडे झार दुसरे निकोलस यांच्या भोवतालची मंडळी यालू नदीकाठच्या लाकडाच्या ठेक्यासाठी कोरियात हातपाय पसरू लागली. विरोध करणाऱ्या विट्टे यांना ऑगस्ट १९०३ मध्ये अर्थखात्यातून दूर करण्यात आले. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी आरमाराने पोर्ट आर्थरवर हल्ला चढवला.

आता सारी भिस्त त्या रेल्वेवर होती, आणि ती होती सिंगल लाईन. शिवाय बैकाल सरोवराला वळसा घालणारा भाग पुरा झालेला नव्हता. एरवी गाड्या बोटीतून पलीकडे नेत. त्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढले गेले. जानेवारी १९०५ मध्ये पोर्ट आर्थर पडले, मार्चमध्ये मुकदेनला हार झाली आणि मेमध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडाले.

पराभव निस्तरायला पुन्हा विट्टे यांनाच बोलावले गेले. अमेरिकेत पोर्ट्समथ येथे ५ सप्टेंबर १९०५ रोजी तह झाला. दक्षिण सखालिन, ल्याओतुंगचा पट्टा आणि चांगचुनपर्यंतची दक्षिणेची रेल्वे जपानला मिळाली, पण युद्धखर्चाची भरपाई विट्टे यांनी देऊ केली नाही. मायदेशी क्रांती पेटली होती. त्यांनी झारला नागरी हक्कांचा जाहीरनामा काढायला लावला, ते पहिले पंतप्रधान झाले आणि १९०६ मध्ये पायउतारही झाले. १९१५ साली, पहिल्या महायुद्धाला विरोध करत असतानाच, त्यांचे निधन झाले.

आशियातल्या देशाने युरोपीय साम्राज्याला हरवले म्हणून वंगभंगाच्या त्या वर्षी आपल्याकडेही अनेकांना हुरूप आला होता. पण जपानने १९१० मध्ये कोरिया गिळला. १९३१ साली याच दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या रुळांजवळ आपल्याच लष्करी अधिकाऱ्यांनी घडवलेल्या स्फोटाचे निमित्त करून त्याने मांचुरियाही घेतला.

विट्टे यांची हुशारी आणि कष्ट मला मनापासून भावतात, तरी मला ते निर्दोष वाटत नाहीत. युद्ध नको होते हे खरे, पण परक्याच्या जमिनीतून आपले रूळ, आपले गेज आणि आपला पहारा नेल्यावर मागोमाग फौज येणारच. जमिनीवरची लढाई मुख्यतः मांचुरियात झाली. चीन तटस्थ होता, तरी गावे जळली ती तिथल्या शेतकऱ्यांची. आपण अलाइनमेंट ठरवताना चढ, वळण आणि खर्च पाहतो. जमीन कोणाची आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, हे या चरित्रातून मी शिकलो.

जो लांबचा मार्ग टाळला होता, तो आमूरचा मार्ग युद्धानंतर रशियाला बांधावाच लागला. स्वतःच्या हद्दीतून व्लादिवोस्तोकपर्यंत अखंड रेल्वे झाली ती १९१६ साली. ती पाहायला विट्टे नव्हते.