विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे : पूर्ण उघडल्यानंतर काय?

अभियंता दिन १५ सप्टेंबरला साजरा होतो, कारण तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस आहे. कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. अभियंता म्हणून ते घडले मात्र महाराष्ट्रात. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीची नोकरी खानदेशात, धुळ्याकडे झाली.

पुढे पुण्यात असताना त्यांच्यासमोर खडकवासल्याचा प्रश्न आला. धरणात पाणी कमी पडत होते, पण पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जात होते. भिंत उंच करणे खर्चाचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. त्यामुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत केलेले काम म्हणून त्यांनी त्याचे मानधन घेतले नाही.

आजच्या भाषेत ही एक नियंत्रण प्रणाली होती. पातळी मोजायची आणि त्यानुसार दरवाजा हलवायचा. हलवणाऱ्या भागाला ॲक्च्युएटर म्हणतात. पण दरवाजा पूर्ण उघडला की त्याहून जास्त उघडत नाही. या अवस्थेला सॅच्युरेशन म्हणतात. त्यानंतर पाणी कितीही वाढो, यंत्राच्या हातात काही उरत नाही.

आधुनिक नियंत्रकात आणखी एक अडचण येते. दरवाजा पूर्ण उघडा असतानाही नियंत्रक पातळीतली चूक बेरजेला लावत राहतो. पूर ओसरला तरी ही साचलेली बेरीज संपेपर्यंत दरवाजा मिटत नाही आणि साठवायचे पाणी वाया जाते. याला वाइंडअप म्हणतात. उपाय सोपा आहे : मर्यादा गाठली की बेरीज थांबवायची. पण या उपायाने दरवाजा वेळेवर मिटतो, सांडव्याची क्षमता वाढत नाही. त्यासाठी विचार दरवाजाच्या पलीकडे करावा लागतो.

तो विचार विश्वेश्वरय्यांच्या पुढच्या कामात दिसतो. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने त्यांना बोलावले. फक्त शहरातला काठ बांधून काढण्यावर न थांबता त्यांनी शहराच्या वर जलाशय बांधून पूर तिथेच अडवण्याची योजना दिली. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. नदीचे पात्र किती पाणी वाहू शकते ही मर्यादा धरून, त्यापलीकडचे पाणी सामावायला वर जागा ठेवायची, हा त्यामागचा हिशेब.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते आणि १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम सुरू असलेले पानशेत धरण फुटले, तेव्हा ते हयात होते. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात आला. एवढे पाणी बाहेर सोडण्याची सोय त्या जुन्या धरणाला नव्हती. तेही त्याच दिवशी फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूरमध्ये विश्वेश्वरय्यांचे निधन झाले.

अंजनगाव सुर्जीकरांना शहानूर धरण परिचयाचे आहे. असे कोणतेही धरण पावसाळ्यात काठोकाठ भरून ठेवत नाहीत. महिन्यागणिक किती साठा ठेवायचा हे आधी ठरते आणि येणाऱ्या पुरासाठी जागा मोकळी राखली जाते. दरवाजे पूर्ण उघडल्यानंतर दुसरा उपाय उरत नाही, म्हणून तो आधीच करून ठेवावा लागतो.