मुलांच्या दारी गेलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

इंदुराशी नाते असलेल्या थोर मराठी व्यक्तींचे स्मरण करताना ताराबाई मोडक यांचे नाव आवर्जून घ्यावयास हवे. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. बालपण मात्र इंदुरात गेले. होळकरांच्या या राजधानीत १८९१ मध्येच कॉलेज निघून उच्च शिक्षणाची सोय झाली होती. परंतु पाटी हाती येण्यापूर्वीच्या मुलालाही शिक्षण असते, हा विचार त्या काळी देशात फारसा कोणाच्या मनात नव्हता. तो रुजविण्यासाठी जिने पुढे सारे आयुष्य वेचले, ती मुलगी या गावात लहानाची मोठी होत होती.

वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे दांपत्य प्रार्थनासमाजाच्या सुधारणावादी संस्कारांतले. मुलीच्या शिक्षणास घरातून आडकाठी नव्हती. पुणे व मुंबई येथे शिकून १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार फार काळ टिकला नाही. घटस्फोट हा शब्दही उच्चारला जात नसे अशा काळात त्यांनी आपला मार्ग एकटीने शोधला.

तो मार्ग प्रथम राजकोटला गेला. तेथील अध्यापिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. सरकारी मानाची, निश्चित वेतनाची ही जागा एकाकी स्त्रीला केवढा आधार देणारी होती, हे वेगळे सांगावयास नको. तरीही १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. वकिली सोडून गिजुभाईंनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर उभारले होते. मादाम माँटेसोरी यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचा त्यांचा प्रयोग ताराबाईंना अधिकारपदाहून मोलाचा वाटला.

छडीवाचून विद्या येत नाही, या समजुतीचा तो काळ. भावनगरच्या बालमंदिरात छडी नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. मूल स्वतःच्या हातांनी काम करते, त्यात रमते आणि त्या रमण्यातूनच त्याला शिस्त लागते, ही त्या शिक्षणाची श्रद्धा होती. ती घराघरांत पोहोचावी म्हणून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी शिक्षणपत्रिकेच्या संपादनातून व पुस्तकांतून ताराबाईंनी आईबापांशी संवाद मांडला. मुलाचे सुख आणि मुलाचे शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांच्या साऱ्या लेखनाचे सूत्र होय.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले व त्याबरोबर शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली. संस्थेने नाव मिळविले. येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे कार्य थोर ठरले असते. परंतु माँटेसोरी साधने महाग होती आणि शहरी बालमंदिरांत येणारी मुले बहुतेक सुस्थितीतल्या घरची होती. खेड्यातल्या, झोपडीतल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्याला आल्या आणि आयुष्यभर तेथेच राहिल्या.

बोर्डीत पोथीतले शिक्षणशास्त्र पुरले नाही. बालवाडी उघडली तरी गावातल्या उपेक्षित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. तेथे अक्षरांआधी स्नान आले, नखे कापणे आले, केस विंचरणे आले. विकत घ्यावयाच्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी आणि खड्यांनी घेतली. मुलाचे अंग स्वच्छ नसेल, पोट रिकामे असेल, मनात धाक असेल, तर उत्तम पाठही वाया जातो, हे त्यांनी प्रत्यक्ष कामातून दाखवून दिले.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे प्रश्न आणखी बिकट होता. वारली मुलांना दिवसभर गुरे राखावी लागत. थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. पोट आणि पाटी यांत निवड करावयाची झाली तर पोटच जिंकणार. म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शिक्षक जाऊ लागला व कुरणशाळा जन्मास आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणाऱ्या विकासवाडीत तान्ह्या भावंडाची सोय झाली, तशी थोरलीचीही शाळेची वाट मोकळी झाली. मूल शाळेत येत नाही याचा दोष ताराबाईंनी मुलाला वा त्याच्या बापाला दिला नाही. त्यांनी शाळेलाच बदलावयास लावले.

१९४६ मध्ये त्या मुंबई विधिमंडळाच्या सदस्य झाल्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. इंदुरातही पद्मश्री शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये बालनिकेतन संघ स्थापून बालशिक्षणाची वाट घडविली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या कर्तव्यांत नमूद झाले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण हा पाया मानला.

नाव पोहोचले; त्यामागचा विचार किती पोहोचला, हे पाहणे मात्र समाजाच्या हाती आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला गृहपाठाच्या वहीपुढे बसविणाऱ्या प्रत्येक घराने आणि प्रत्येक शाळेने ताराबाईंचे चरित्र एकदा तरी वाचावे. ग्रंथालयांनी ते वाचकांच्या हाती द्यावे, हेच या महान स्त्रीचे उचित स्मारक ठरेल.