आल्सिद दोर्बिन्यी

आल्सिद दोर्बिन्यी (६ सप्टेंबर, १८०२ – ३० जून, १८५७) हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व पुराजीवशास्त्रज्ञ होते. नामशेष प्राण्यांचे केवळ कवचांवरून वर्गीकरण कसे करावे, या एकोणिसाव्या शतकातील वादाशी त्यांचे नाव निगडित आहे.

त्यांचा जन्म नांत शहराजवळील कुएराँ येथे झाला. वडील वैद्य होते. पुढे कुटुंब ला रोशेलच्या परिसरात राहावयास गेले. तेथील किनाऱ्यावरच्या वाळूतील सूक्ष्म कवचांचा अभ्यास आल्सिद यांनी तरुणपणीच आरंभला.

ही कवचे अनेक कप्प्यांची व पुष्कळदा वेटोळी असत. नॉटिलसचे कवचही तसेच असते. या साम्यावरून १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात दोर्बिन्यी यांनी त्यांची गणना शीर्षपाद मृदुकायांत, म्हणजे माकूल व नॉटिलस यांच्या वर्गात केली. नॉटिलस व अमोनाइट यांच्या कप्प्यांतून एक नळी जाते. या सूक्ष्म कवचांत नळी नसून कप्प्यांना जोडणारी छिद्रे असतात. हा भेद त्यांनी स्वतःच हेरला व त्यावरून फोरॅमिनीफेरा (छिद्रधारी) हे नाव दिले. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र चुकला. आकार स्पष्ट व्हावेत म्हणून त्यांनी १०० कवचांच्या मोठ्या प्रतिकृतीही घडवल्या.

त्याच वर्षी ते दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेवर निघाले आणि १८३४ मध्ये परतले. १८३५ साली फेलिक्स द्युजार्दँ यांनी जिवंत नमुने पाहून दाखवून दिले की, या प्राण्यांना मृदुकायांसारखी इंद्रिये नाहीत. मुळांसारखे बारीक तंतू बाहेर टाकणारे ते अगदी साधे जीव आहेत. दोर्बिन्यी यांनीही पुढील लेखनात त्यांना मृदुकायांतून वगळले. नाव मात्र टिकले.

अमोनाइटांच्या बाबतीत जिवंत प्राण्याची साक्ष काढणे शक्य नव्हते. १८४० पासून निघालेल्या फ्रान्सच्या जीवाश्मांवरील ग्रंथमालेत त्यांनी कवचाचा आकार, कंगोरे व कप्प्यांच्या पडद्यांची नागमोडी रेषा यांवरून जाती ठरवल्या. वयानुसार कवच पालटते, तसेच नर व मादी यांची कवचे भिन्न असू शकतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हा दुसरा मुद्दा १९६० च्या दशकात पुन्हा जोमाने पुढे आला.

त्यांची दुसरी धारणा अधिक वादग्रस्त ठरली. भूस्तरांचे त्यांनी २७ टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याची जीवसृष्टी जवळजवळ स्वतंत्र मानली. परिणामी, दोन टप्प्यांत सापडणाऱ्या सारख्याच कवचांना निरनिराळी नावे मिळण्याचा धोका उद्भवला. जातींवरून टप्पा आणि टप्प्यावरून जाती, असे हे वर्तुळ होते. १८५० ते १८५२ दरम्यान पूर्ण झालेल्या त्यांच्या सूचीत सुमारे १८,००० जाती आहेत. टोआर्सियन, सेनोमेनियन यांसारखी त्यांनी दिलेली टप्प्यांची नावे भूशास्त्रात आजही रूढ आहेत.

१८५३ मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांच्यासाठी पुराजीवशास्त्राचे अध्यासन निर्माण करण्यात आले. ते त्यांना चारच वर्षे लाभले.