ताटाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

गरिबांच्या घरातील मुले खुरटी राहतात, कारण त्यांच्या मातांना आहाराचे ज्ञान नसते, असा समज १९३० च्या दशकातही ब्रिटनमधील अनेक सुशिक्षितांमध्ये होता. या समजाला आकडेवारीने छेद दिला तो लॉर्ड जॉन बॉईड ऑर यांनी. सकस अन्नाचा प्रश्न हा प्रथम मिळकतीचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्यांनी जगासमोर मांडली.

२३ सप्टेंबर १८८० रोजी स्कॉटलंडमधील किल्मॉर्स या गावी त्यांचा जन्म झाला. १९०२ मध्ये ग्लासगोच्या गलिच्छ वस्तीतील शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले. वर्गातील उपाशी मुले पाहून ते इतके अस्वस्थ झाले, की काही दिवसांतच त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून शौर्यपदकेही मिळवली.

अ‍ॅबरडीन येथील रोवेट संस्थेचे संचालक म्हणून त्यांचे प्रारंभीचे संशोधन जनावरांच्या खाद्यावर होते. गोठ्यातील गुरांना समतोल खाद्य मिळते आणि शहरातील मुलांना मात्र नाही, हा विरोधाभास त्यांना खुपला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांना रोज दूध देण्याचा प्रयोग केला. दूध मिळालेल्या मुलांची उंची व वजन अधिक वाढले. १९३४ पासून ब्रिटनमधील शाळांत अल्प दरात दूध मिळू लागले.

१९३६ मध्ये त्यांचा ‘फूड, हेल्थ अँड इन्कम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिळकतीनुसार लोकसंख्येचे सहा गट पाडून त्यांनी प्रत्येक गटाच्या ताटाचा हिशेब मांडला. पाव आणि बटाटे सर्वच घरांत होते. दूध, अंडी, फळे व भाज्या मात्र मिळकतीबरोबर वाढत होत्या. सुमारे निम्म्या जनतेला पूर्ण सकस आहार परवडत नव्हता, तर तळातील सुमारे ४५ लाख लोकांच्या आहारात प्रत्येक पोषणघटकाची उणीव होती. मंदीमुळे शेतमालाला उठाव नसतानाच्या काळातील हे चित्र होते. सरकारी वर्तुळात हे निष्कर्ष रुचले नाहीत. तथापि दुसऱ्या महायुद्धातील अन्नधोरणात, विशेषतः माता व बालकांना दूध पुरविण्यात, त्यांच्या विचारांचे प्रतिबिंब उमटले.

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ते पहिले महासंचालक झाले. धान्याचे राखीव साठे करावेत, भाव स्थिर ठेवावेत आणि शिल्लक अन्न गरजू देशांना सवलतीने द्यावे, यासाठी १९४६ मध्ये त्यांनी जागतिक अन्न मंडळाची योजना मांडली. अमेरिका व ब्रिटनने पाठबळ न दिल्याने ती बारगळली आणि १९४८ मध्ये ते पदावरून दूर झाले. १९४९ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी शांतताकार्याला देऊन टाकली. जमिनीची धूप रोखली नाही, तर वाढत्या जगाला पोसणे अवघड होईल, याकडेही ते लक्ष वेधत राहिले. २५ जून १९७१ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्याच संघटनेने अन्य संस्थांसह २०२० मध्ये सादर केलेल्या अहवालात जगातील ३०० कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नसल्याचे नमूद केले. आहाराच्या किमतीत पर्यावरणाची हानीही मोजली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. बॉईड ऑर यांनी १९३६ मध्ये एका देशापुरता मांडलेला हिशेब आता साऱ्या जगाचा झाला आहे.