ज्या क्लबच्या मैदानावर तो जिंकला, त्याच क्लबच्या दाराबाहेर पावसात उभं राहून त्याला ट्रॉफी घ्यावी लागली

सन 1963, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन शहर. हिंदी महासागराच्या काठावर असलेल्या डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन ही गोल्फची स्पर्धा संपली होती. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस सुरू झाला. क्लबहाऊसच्या आत गोरे खेळाडू आणि सभासद कोरडे बसले होते आणि स्पर्धा जिंकलेला माणूस बाहेर भिजत उभा होता.

कारण एकच, तो भारतीय होता.

त्याचं नाव सुशंकर सुगोलम, सगळं जग त्याला ओळखायचं ते 'पापवा' म्हणून. इंग्रजीतल्या स्पेलिंगवर जाऊ नका. हे नाव मुळात शिवशंकर शिवगुलाम असंच काहीसं असणार. उसाच्या मळ्यात राबायला भारतातून मजूर यायचे, तेव्हा इंग्रज कारकुनाच्या कानाला जे ऐकू येईल ते तो वहीत लिहायचा आणि पुढच्या पिढ्यांचं आडनाव तेच होऊन बसायचं.

ही मजुरांची भरती 1860 मध्ये सुरू झाली. करार संपेपर्यंत मळा सोडता यायचा नाही. इंग्रजीतल्या 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश होऊन या लोकांना गिरमिटिया म्हणू लागले. नाताळसाठीची ही भरती थांबवावी म्हणून 1910 मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला तो आपल्या नामदार गोखल्यांनी, आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. पण तोपर्यंत लाखभराहून जास्त माणसं तिकडे पोचली होती. त्यांची मुलंबाळं तिथेच वाढली. पापवा त्यांच्यातलाच एक.

त्याचा जन्म 1928 चा. घर डर्बनच्या रिव्हरसाइड भागात, उमगेनी नदीच्या उत्तर काठावर. घरात गरिबी होती, शाळेचा संबंध नव्हता. पापवाला शेवटपर्यंत लिहिता-वाचता आलं नाही. पण घराजवळ बीचवूड नावाचं गोल्फचं मैदान होतं आणि तिथे कॅडी म्हणून काम मिळायचं. कॅडी म्हणजे खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन अठराही होल त्याच्यासोबत चालणारा माणूस. बॅग वाहायची, चेंडू शोधायचा, वाऱ्याचा अंदाज सांगायचा. खेळायचं मात्र नाही.

पण पोरं ऐकतात होय? झाडाची फांदी तोडायची, तिला गोल्फच्या काठीसारखा आकार द्यायचा आणि रस्त्यावर, मैदानाच्या कडेला चेंडू मारत बसायचं. पापवा असाच शिकला. शिकवणारं कुणी नव्हतं आणि म्हणूनच एक गंमत झाली.

क्रिकेटमध्ये उजव्या हाताचा बॅट्समन बॅट कशी धरतो ते आठवा. डावा हात वर, उजवा खाली. गोल्फमध्येही तसंच असतं. पापवाने काठी धरली ती बरोबर उलटी. उजवा हात वर आणि डावा खाली. कोणत्याही प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ही सवय मोडून काढली असती. अशा पकडीने मनगटं एकमेकांत अडकतील, चेंडू लांब जाणारच नाही, असं कुणालाही वाटेल. पण पापवाचा चेंडू लांबही जायचा आणि सरळही. पुढे या पकडीला त्याचंच नाव पडलं. आज बरेच नामांकित खेळाडू छोट्या पटसाठी हात असे उलटे धरतात, पण अख्खा राउंड या पकडीने खेळून मोठ्या स्पर्धा जिंकणारे शोधूनच काढावे लागतील.

गोऱ्यांच्या स्पर्धांत त्याला प्रवेश नव्हताच. मग तो 'नॉन-युरोपियन' स्पर्धा खेळायचा आणि जिंकायचा. तिथे मैदानं खराब आणि बक्षिसं किरकोळ असायची.

त्याचं नशीब पालटलं ते एका क्रीममुळे, असं म्हटलं तरी चालेल. ग्रॅहम वुल्फ नावाचा डर्बनचा रसायनतज्ज्ञ बीचवूडवर गोल्फ खेळायचा. चेहऱ्याला लावायचं 'ओले' हे उत्पादन आपल्याकडच्या दुकानांतही दिसतं ना, ते बनवणारा हा माणूस. पापवा त्याचा कॅडी होता. आपल्या कॅडीला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं खेळता येतं हे वुल्फच्या लक्षात आलं. त्याने पापवाला नोकरी दिली, सराव करू दिला आणि 1959 मध्ये स्वतःच्या विमानातून थेट युरोपला नेलं.

डर्बनच्या बाहेर फारसं काही न पाहिलेला, लिहिता-वाचता न येणारा हा माणूस. त्याच वर्षी तो हॉलंडला गेला आणि डच ओपन जिंकून आला. 1960 मध्ये पुन्हा जिंकला. 1964 मध्ये तिसऱ्यांदा. यातली एकही स्पर्धा लुटुपुटीची नव्हती. युरोपातले व्यावसायिक खेळाडू तिथे उतरायचे.

युरोपात हा विजेता आणि घरी परत आला की पुन्हा 'नॉन-युरोपियन'. डर्बनच्या भारतीय वस्तीने त्याला डोक्यावर घेतलं. पण दरम्यान 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने कुणी कुठे राहायचं हे वर्णावरून ठरू लागलं होतं. रिव्हरसाइडमधल्या भारतीयांनाही आपली घरं सोडावी लागली. आपल्याच शहरातली मोठी स्पर्धा खेळायची तर पापवाला अर्ज, नकार, पुन्हा अर्ज असं करत बसावं लागायचं.

अखेर 1963 च्या नाताळ ओपनसाठी त्याला परवानगी मिळाली. मैदान होतं डर्बन कंट्री क्लबचं.

हे मैदान जरा समजून घ्यायला हवं. 1922 मध्ये सुरू झालेला हा खाजगी क्लब दक्षिण आफ्रिकेतल्या सर्वांत अवघड मैदानांमध्ये गणला जातो. समुद्र अगदी लागून आहे आणि जमीन सपाट नाही, सगळ्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांवर गवत वाढवलेलं आणि दोन्ही बाजूंना गच्च झाडी. चेंडू झाडीत गेला की गेला. पहिल्या पाच होलमध्येच खेळाडूचा घामटा निघतो. तिसऱ्या होलला तर उंच टेकडीवर उभं राहून खालच्या चिंचोळ्या पट्ट्यात चेंडू टाकायचा असतो आणि बाजूने समुद्राचा वारा वाहत असतो. सतराव्या होलला जमीन लाटांसारखी वर-खाली होते. चेंडू पडला चांगला तरी उभं राहायला सपाट जागा मिळत नाही. बाराव्या होलला प्रिन्स ऑफ वेल्सचं नाव आहे. होल छोटाच, पण ग्रीन उंचावर. दोन्ही बाजूंना उतार. इंग्लंडच्या युवराजांनी इथे एका बाजूने चेंडू वर मारायचा, तो दुसऱ्या बाजूला घरंगळायचा, असं करत तीनच्या जागी कितीतरी जास्त फटके घेतले असं सांगतात. शेवटचा अठरावा होल इतका छोटा की ताकदवान खेळाडू एका फटक्यात ग्रीनपर्यंत पोचू शकतो. पण उजवीकडे खोल उतार आहे. हाव धरली आणि चेंडू जरा उजवीकडे गेला, तर चार दिवसांची मेहनत पाण्यात.

अशा मैदानावर ताकदीपेक्षा सरळ मारणारा आणि डोकं शांत ठेवणारा माणूस टिकतो. पापवा नेमका तसाच होता. वाराही त्याचा ओळखीचा होता. नदीच्या पलीकडे, याच समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात तो लहानाचा मोठा झाला होता.

परवानगी होती ती फक्त मैदानापुरती. क्लबहाऊसमध्ये पाय ठेवायचा नाही. बाकीचे खेळाडू आत कपडे बदलायचे, जेवायचे. पापवा कपडे बदलायचा तो गाडीत आणि जेवायचाही तिथेच. यातला विरोधाभास बघा. त्याच क्लबहाऊसमध्ये भारतीय वेटर ये-जा करत होते. म्हणजे भारतीय माणूस ट्रे घेऊन आत गेलेला कायद्याला चालत होता. खेळाडू म्हणून गेलेला चालत नव्हता.

शंभरावर गोरे खेळाडू आणि त्यांच्यात हा एक. शेवटच्या दिवशी लढत चांगलीच रंगली. पापवा जिंकला तो फक्त एका फटक्याने.

मग पाऊस आला आणि सुरुवातीला सांगितलं ते घडलं. त्या वेळी नेमकं काय झालं याच्या वेगवेगळ्या हकिकती आहेत. ट्रॉफी खिडकीतून दिली असंही सांगितलं जातं. पण भिजत ट्रॉफी घेणाऱ्या पापवाचा फोटो खरा आहे आणि तो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. वर्णभेद म्हणजे काय हे लांबलचक भाषणांतून ज्यांना कळलं नसतं, त्यांना त्या एका फोटोतून कळलं. दक्षिण आफ्रिकेवर क्रीडा बहिष्कार टाका, अशी मागणी करणाऱ्यांच्या हाती एक मोठा पुरावा आला.

सरकारला वरमल्यासारखं वाटलं का? अजिबात नाही. त्याच वर्षी सरकारने पुन्हा जाहीर केलं की, गोरे आणि इतर एकत्र खेळणं हे आमच्या धोरणात बसत नाही.

तरी पापवा थांबला नाही. 1965 मध्ये त्याने नाताळ ओपन दुसऱ्यांदा जिंकली आणि या वेळी मागे टाकलं ते गॅरी प्लेअरला. ज्या वर्षी प्लेअरने अमेरिकन ओपन जिंकून चारही मोठ्या स्पर्धांचं वर्तुळ पूर्ण केलं, त्याच वर्षीची ही गोष्ट. जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंपैकी एकाला एका माजी कॅडीने हरवलं होतं.

आणि तिथेच त्याची कारकीर्द संपवण्यात आली. 1966 पासून त्याला देशातल्या गोऱ्यांच्या स्पर्धांमध्ये खेळायला बंदी झाली. पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे युरोपचं दारही बंद. वय अवघं 37. गोल्फमध्ये हे म्हातारपण नव्हे.

याच सुमारास गॅरी प्लेअरने आपल्या पुस्तकात वर्णभेदी सरकारची बाजू घेतली होती. पुढे त्याने मत बदललं, ते जाहीरपणे मान्य केलं आणि ली एल्डर या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूला दक्षिण आफ्रिकेत बोलावलं. हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण ते वर्ष होतं 1971. पापवाची उमेदीची वर्षं तोवर निघून गेली होती.

बाहेरचं जग मात्र हलू लागलं होतं. 1968 मध्ये बेसिल डी'ऑलिव्हेराला संघात घेतलं म्हणून दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडचा क्रिकेट दौरा नाकारला. 1970 मध्ये या देशाची ऑलिम्पिक चळवळीतून हकालपट्टी झाली. 1974 मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली, तेव्हा भारताने कप सोडून दिला पण खेळायला नकार दिला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा ऐन भरात होते. भारताचा पहिला डेव्हिस कप त्या नकारात गेला, तो आजवर आलेला नाही.

पापवाचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. जुलै 1978 मध्ये हृदयविकाराने तो गेला, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

त्याचं चरित्र लिहिलं ते ख्रिस निकल्सन या न्यायाधीशाने, 2005 मध्ये. हे तेच निकल्सन, ज्यांच्या 2008 मधल्या एका निकालानंतर दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना पायउतार व्हावं लागलं.

डर्बनमध्ये आज पापवा सुगोलम गोल्फ कोर्स नावाचं सार्वजनिक मैदान आहे. आणि ज्या बीचवूडवर तो बॅगा वाहायचा, ते मैदान पुढे डर्बन कंट्री क्लबमध्येच विलीन झालं.